आमदारकी कोणाच्या मालकीची?

गोव्यात २०२२ सालच्या जानेवारी महिन्यात एक अपूर्व देवयात्रा निघाली होती. विधानसभेच्या निवडणुका तोंडावर आल्या होत्या. काँग्रेस पक्षाने आपले उमेदवार गोळा केले आणि त्यांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या क्रुसापाशी आणि बेतीच्या दर्ग्यात नेले. निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही, अशी शपथ त्यांच्याकडून तिन्ही ठिकाणी घेवविण्यात आली. पक्षांतरबंदीचा कायदा संविधानात दाखल होऊन तेव्हा सदतीस वर्षे लोटली होती. तरीही एका राष्ट्रीय पक्षाला आपल्याच माणसांसाठी देवाला जामीन ठेवावे लागले, यातच त्या कायद्याची खरी किंमत कळून येते.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. काँग्रेसचे अकरा उमेदवार निवडून आले. सप्टेंबर महिना उजाडला, आणि त्या अकरांपैकी आठ जण सत्तारूढ भारतीय जनता पक्षात जाऊन बसले. आपण देवाला पुन्हा विचारले, असा खुलासा त्यांच्यातल्या एका माजी मुख्यमंत्र्यांनी केला. देवाने दिलेला कौल पडताळून पाहण्याचे साधन आमच्यापाशी नाही, म्हणून त्याविषयी आम्ही काही बोलत नाही. परंतु ज्या मतदारांनी सहाच महिन्यांपूर्वी या आठ जणांना एका पक्षाचे म्हणून मत दिले होते, त्यांचा कौल घेणे काही कठीण नव्हते. राजीनामा द्यावा, पोटनिवडणूक लढवावी आणि मतदारांना विचारावे, इतकाच तो मार्ग होता. देवाला दोनदा विचारणाऱ्या या भाविकांना मतदाराला एकदाही विचारावेसे वाटले नाही!

आणि आठच का? सात का नाहीत? याचे उत्तर राजकारणात नसून अंकगणितात आहे. अकराचे दोन-तृतीयांश म्हणजे सात आणि वर काही अंश. म्हणून किमान आठ माणसे लागतात. सात जण गेले असते तर कायद्याच्या दृष्टीने ते पक्षद्रोही ठरले असते आणि सातही जणांची आमदारकी गेली असती. आठवा मिळाला, आणि त्याच कृत्याला ‘विलीनीकरण’ असे सोज्ज्वळ नाव प्राप्त झाले. त्याआधी २०१९ च्या जुलैमध्ये याच गोव्यात काँग्रेसच्या पंधरा आमदारांपैकी दहा जण असेच निघून गेले होते. पंधराचे दोन-तृतीयांश बरोबर दहा होतात. दोन्ही वेळा पाहिजे तितकीच माणसे फुटली, एकही अधिक नाही. तराजू घेऊन बसलेल्या वाण्यालाही इतके काटेकोर माप साधणार नाही.

ही एकट्या गोव्याची कथा असती तर पहिल्या पानावरची ही जागा आम्ही तिच्यासाठी अडविली नसती. पण आपल्या महाराष्ट्रात काय घडले? २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये निवडून आलेल्या विधानसभेने आपल्या पाच वर्षांच्या आयुष्यात तीन मुख्यमंत्री पाहिले. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे, शहर अजून झोपेत असताना, एक सरकार राजभवनात शपथ घेऊन मोकळे झाले आणि चार दिवसांच्या आत कोसळले. त्यानंतर तीन पक्षांची महाविकास आघाडी आली. जून २०२२ मध्ये शिवसेनेच्या पंचावन्नपैकी एकोणचाळीस आमदार सुरत, गुवाहाटी आणि गोवा असा प्रवास करून परतले, तेव्हा तिसरे सरकार आले. २ जुलै २०२३ रोजी राष्ट्रवादी काँग्रेसचा एक मोठा गट त्या सरकारात सामील झाला. भाजप, शिवसेना, राष्ट्रवादी, काँग्रेस हे चारही प्रमुख पक्ष एकाच विधानसभेच्या मुदतीत केव्हा ना केव्हा सत्तेवर येऊन गेले. आणि या सर्व उलथापालथीत २८८ मतदारसंघांतील मतदारांना, बाबांनो, तुमचे काय म्हणणे आहे, असे कोणीही विचारले नाही.

येथे न्यायाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. शिवसेना सोडून गेलेल्यांचे, किंवा त्यांच्या भाषेत बोलायचे तर शिवसेना घेऊन गेलेल्यांचे, म्हणणे असे की मूळ विश्वासघात आम्ही केलाच नाही; २०१९ मध्ये भाजपशी युती करून मते मागायची आणि निकालानंतर विरोधकांशी हातमिळवणी करायची, हाच पहिला विश्वासघात होय. या म्हणण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. युतीला मत देणाऱ्या पुष्कळ नागरिकांना आपण फसविले गेलो असे तेव्हा वाटले होते, आणि आघाडीचे सरकार पाडले गेले तेव्हा दुसऱ्या पुष्कळांना तसेच वाटले. पहिला अपराध कोणाचा, यावर राज्यातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर आजही वाद घालता येईल. आमचा मुद्दा त्याच्या अलीकडचा आहे. अशा वादाचा निवाडा करण्याचा अधिकार ज्या एका पक्षकाराला आहे, त्या मतदाराला त्या दरबारात उभे राहण्यासही जागा नाही. राज्यपाल आहेत, विधानसभेचे अध्यक्ष आहेत, निवडणूक आयोग आहे, सर्वोच्च न्यायालय आहे. नाही तो फक्त मतदार!

चव्हाणांनी केलेले निदान

हा रोग जुना आहे आणि त्याचे निदानही जुने आहे. १९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर अनेक राज्यांत काँग्रेसचे बहुमत गेले आणि आमदारांचा बाजार तेजीत आला. हरियाणात गयालाल नावाच्या एका आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्दप्रयोग देशाला बहाल केला. लोकसभेने त्याच वर्षाच्या अखेरीस ठराव केला आणि तत्कालीन गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या समितीपुढे आलेले आकडे आजही डोळे उघडणारे आहेत. पहिल्या ते चौथ्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंतच्या सगळ्या काळात मिळून सुमारे ५४२ पक्षांतरे झाली होती. त्यांच्या तुलनेत ४३८ पक्षांतरे एकट्या मार्च १९६७ ते फेब्रुवारी १९६८ या बारा महिन्यांत झाली. आणि पक्ष बदललेल्या २१० आमदारांपैकी ११६ जणांना, ज्या सरकारांना त्यांनी जन्म दिला, त्याच सरकारांत मंत्रिपदे मिळाली.

हे सदसद्विवेकाचे नव्हे, मंत्रिपदाचे राजकारण आहे, हे त्या आकड्यांवरून स्पष्ट झाले होते. म्हणून चव्हाण समितीने नेमके मर्मावर बोट ठेवले. पक्षांतर करणाऱ्याला एक वर्ष, किंवा तो पुन्हा निवडून येईपर्यंत, मंत्रिपद मिळू नये आणि मंत्रिमंडळाच्या आकारावर मर्यादा असावी, असे तिने सुचविले. त्या शिफारशीतले ‘पुन्हा निवडून येईपर्यंत’ हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावे. साऱ्या प्रश्नाची किल्ली त्या तीन शब्दांत आहे, आणि नंतरच्या कायदेकर्त्यांनी नेमकी तीच किल्ली हरवून टाकली.

चव्हाणांचा अहवाल १९६९ चा, आणि कायदा झाला तो १९८५ मध्ये. मधली सोळा वर्षे अनेकांना या बाजाराची गरज होती, हेच त्याचे कारण. राजीव गांधींनी प्रचंड बहुमताच्या बळावर जानेवारी १९८५ मध्ये बावन्नावी घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांत दोन दिवसांत संमत करून घेतली आणि संविधानाला दहावे परिशिष्ट जोडले गेले. जो सदस्य स्वेच्छेने पक्षाचे सदस्यत्व सोडील किंवा पक्षादेश मोडून मतदान करील तो अपात्र होईल, असे त्याने ठरविले. उद्देश स्तुत्य होता. पण त्याच परिशिष्टात दोन पळवाटा ठेवण्यात आल्या. एक-तृतीयांश सदस्य फुटले तर ती ‘फूट’ आणि दोन-तृतीयांश गेले तर ते ‘विलीनीकरण’, आणि दोन्ही क्षम्य! मधु लिमये यांच्यासारख्या जाणत्या संसदपटूने या व्यंगावर नेमके बोट ठेवले होते. किरकोळ पक्षांतराला बंदी आणि घाऊक पक्षांतराला परवाना, असा तो प्रकार होता. एकट्या माणसाने घर फोडले तर चोरी आणि टोळीने फोडले तर वास्तुशांत, असे जगातल्या कोणत्या दंडविधानात लिहिले आहे?

एक-तृतीयांशाची पळवाट २००३ च्या एक्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने बुजविली गेली. मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या पंधरा टक्क्यांवर आणला गेला आणि अपात्र ठरलेल्यास मंत्रिपद वर्ज्य झाले. चौतीस वर्षांनी का होईना, चव्हाणांच्या सूचनेचा काही अंश पदरात पडला. पण विलीनीकरणाची खिंड तशीच मोकळी राहिली, आणि गोव्याचे आठ जण तिच्यातूनच पार झाले.

पंच कोण?

महाराष्ट्रात मात्र त्या खिंडीचीही गरज लागली नाही. येथे कोणी दुसऱ्या पक्षात विलीन झालो असे म्हटलेच नाही. आम्हीच मूळ पक्ष, असे म्हटले, आणि प्रश्न विधानसभेच्या अध्यक्षांपुढे गेला. या कायद्याच्या अपयशाचे खरे बीज येथे आहे.

दहाव्या परिशिष्टाने अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांच्या हाती सोपविला आहे. हे अध्यक्ष बहुमताने निवडले जातात आणि बहुमत असेपर्यंतच पदावर राहतात. ज्या फुटीमुळे बहुमत इकडून तिकडे गेले, त्या फुटीचा निवाडा त्याच बहुमताने निवडलेल्या गृहस्थाने करावयाचा! ब्रिटनमध्ये अध्यक्ष झालेला सदस्य पक्षाचे पाश तोडतो. आपल्याकडे १९६७ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष झाल्यावर नीलम संजीव रेड्डी यांनी काँग्रेसचे सदस्यत्व सोडले, आणि २००८ मध्ये सोमनाथ चटर्जी यांनी पक्षाचा आदेश झुगारून अध्यक्षपद सोडले नाही म्हणून पक्षाने त्यांना काढून टाकले. ही उदाहरणे लक्षात राहतात ती ती विरळा आहेत म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये किहोतो होलोहान खटल्यात अध्यक्षांचा हा अधिकार वैध ठरविला खरा, पण तो तीन विरुद्ध दोन अशा मताने. बहुमताच्या आधारावर टिकून राहणारी व्यक्ती स्वतंत्र न्यायाधिकारी कशी असू शकेल, हा अल्पमतातील दोन न्यायमूर्तींचा आक्षेप होता. तीस वर्षांनी महाराष्ट्राने त्या दोघांना खरे ठरविले.

शिवसेनेच्या अपात्रतेच्या याचिका २०२२ च्या जूनपासूनच्या. ११ मे २०२३ रोजी घटनापीठाने निकाल देताना अध्यक्षांनी वाजवी मुदतीत निर्णय द्यावा असे सांगितले. ती वाजवी मुदत काही संपेना. अखेर न्यायालयाने कानउघाडणी करून ३१ डिसेंबर २०२३ ही तारीख घालून दिली, मग ती १० जानेवारी २०२४ पर्यंत वाढवून दिली, आणि त्या दिवशी निर्णय आला. फुटलेला गट हीच खरी शिवसेना. दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र नाही. महिन्याभराने राष्ट्रवादीच्या बाबतीतही तोच साचा: खरा पक्ष एक, अपात्र कोणीच नाही. दोन पक्ष उभे चिरले गेले, एक सरकार पडले, दुसरे आले, आणि कायद्याच्या लेखी पक्षांतर नावाची घटना महाराष्ट्रात घडलीच नाही! त्या निर्णयांविरुद्धची अपिले न्यायालयात पोचली, आणि त्यांचा अंतिम निकाल लागण्यापूर्वीच त्या विधानसभेची मुदत संपून गेली.

आमचा रोख कोणा एका व्यक्तीवर नाही. त्या आसनावर उद्या दुसऱ्या पक्षाचे गृहस्थ बसले तर ते वेगळे वागतील, असा भरवसा आम्हांला वाटत नाही. मणिपूरमध्ये २०१७ साली काँग्रेसतर्फे निवडून आलेला एक आमदार लगोलग भाजपच्या सरकारात मंत्री झाला, आणि त्याच्या अपात्रतेचा अर्ज अध्यक्षांच्या दप्तरात जवळजवळ तीन वर्षे पडून राहिला. शेवटी २०२० च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयालाच त्याला मंत्रिमंडळातून बाहेर काढावे लागले. तेलंगणात याच्या उलट बाजूचे चित्र दिसले. तेथे भारत राष्ट्र समितीचे आमदार सत्तारूढ काँग्रेसच्या वळचणीला गेले. त्यांच्यापैकी एकाने तर समितीचा आमदार असतानाच २०२४ ची लोकसभा निवडणूक काँग्रेसच्या तिकिटावर लढविली. यापरता धडधडीत पुरावा कोणता असावा? तरीही अध्यक्षांची लेखणी हलेना. ३१ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांत निर्णय द्या असा आदेश दिला आणि ही व्यवस्था तशीच ठेवावी काय याचा संसदेने विचार करावा, असेही बजावले. २०२० मध्ये याच न्यायालयाने निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कायम न्यायाधिकरण नेमण्याचा विचार करा असे सुचविले होते. त्यालाही पाच वर्षांहून अधिक काळ लोटला. एकही पक्ष ते विधेयक घेऊन पुढे आला नाही, कारण आज ज्याचा अध्यक्ष नाही तो प्रत्येक पक्ष उद्या आपला असेल या आशेवर जगत असतो.

वास्तविक दुसरा मार्ग संविधानातच लिहिलेला आहे. आमदाराने लाभाचे पद घेतले किंवा अन्य कारणाने तो अपात्र ठरत असेल तर १९२ व्या अनुच्छेदानुसार राज्यपाल निवडणूक आयोगाचे मत घेतात आणि त्या मताप्रमाणेच निर्णय देतात. अध्यक्षांचा तेथे संबंध येत नाही. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच पक्षांतराच्या प्रकरणांनाही हीच रीत लावा असे म्हटले होते. आमच्या राज्यात तर याहून विनोदी विसंगती आहे. नगरसेवकाने पक्ष बदलला तर १९८६ च्या महाराष्ट्र कायद्यान्वये त्याचा निर्णय महापौर किंवा नगराध्यक्ष करीत नाहीत. महापालिकेच्या बाबतीत विभागीय आयुक्त आणि नगरपालिकेच्या बाबतीत जिल्हाधिकारी करतात. म्हणजे नगरसेवकाचा निवाडा त्याच्या सहकाऱ्याने करू नये, इतका विवेक आमदारांना नगरसेवकांसाठी सुचला. स्वतःसाठी सुचला नाही! आयोग आणि अधिकारी यांच्या निःपक्षपातीपणाविषयीही आज लोकांच्या मनात शंका आहेत, हे आम्ही जाणतो. म्हणूनच न्यायालयाने सुचविलेले स्वतंत्र न्यायाधिकरण आम्हांला अधिक पसंत आहे.

मुका प्रतिनिधी

या कायद्याने आणखी एक अनर्थ केला, त्याकडे फारसे लक्ष जात नाही. पक्ष सोडून जाण्यास त्याने वाट ठेवली, पण पक्षात राहून विरोधी मत देण्याची वाट बंद करून टाकली. व्हिप निघाला की सदस्याचा हात वर झालाच पाहिजे, मग तो विषय सरकारच्या अस्तित्वाचा असो की एखाद्या साध्या विधेयकाचा. आपल्या मतदारसंघातील शेतकऱ्याचे वा कामगाराचे नुकसान होत आहे हे डोळ्यांना दिसत असूनही त्याने विरोधी मत दिले, तर आमदारकीवर पाणी सोडावे लागेल. मतदारसंघाच्या बाजूने बोलणारा एकटा प्रामाणिक आमदार अपात्र, आणि मतदारसंघाला न विचारता पक्ष बदलणारे आठ जण पात्र, असा हा न्याय आहे. लोकप्रतिनिधीने आपली बुद्धी गहाण ठेवू नये, असे एडमंड बर्कने १७७४ मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांना सांगितले होते. आपल्या मतांमुळे मतदार रुष्ट झाले हे १७८० मध्ये दिसताच तो तेथील लढतीतून बाजूला झाला. बुद्धी स्वतःची आणि जागा मतदारांची, ही वाटणी त्याने मान्य केली होती. आपल्या दहाव्या परिशिष्टाने बुद्धी पक्षाच्या स्वाधीन केली आणि जागा आमदाराच्या खिशात घातली.

यावर उपाय गोस्वामी समितीने सांगून ठेवला आहे. व्हिपचा धाक विश्वासदर्शक व अविश्वास ठरावांसारख्या, सरकारच्या जगण्यामरण्याच्या प्रश्नांपुरता राहावा. अर्थसंकल्पही आम्ही त्यात धरू. बाकी सर्व विषयांवर सदस्यांना मोकळेपणाने मत देता यावे. आणि जो पक्ष सोडील त्याने, तो एकटा असो वा चाळिसांच्या जथ्यातला असो, जागा सोडावी व पुन्हा मतदारांपुढे जावे. विलीनीकरणाची तरतूद समूळ काढून टाकावी.

हे अव्यवहार्य आहे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांना आम्ही आपल्याच इतिहासातील एक पान दाखवू इच्छितो. १९४८ मध्ये समाजवादी मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली, तेव्हा आचार्य नरेंद्र देव आणि त्यांचे सहकारी यांनी संयुक्त प्रांताच्या विधानसभेचे राजीनामे दिले. कोणत्याही कायद्याने त्यांना भाग पाडले नव्हते. काँग्रेसच्या तिकिटावर मिळालेली जागा काँग्रेस सोडल्यावर आपली नाही, एवढाच त्यांचा हिशेब होता. पोटनिवडणुकीत अयोध्येच्या परिसरात नरेंद्र देवांविरुद्ध काँग्रेसने बाबा राघवदासांना उभे केले (हे राघवदास मूळचे पुण्याचे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते), आणि नरेंद्र देव हरले. त्या पराभवाने त्यांची उंची तसूभरही कमी झाली नाही. इतके मागे जायचे नसेल तर २००५ सालचे मालवण आठवावे. नारायण राणे यांनी शिवसेना सोडली, आमदारकीचा राजीनामा दिला आणि काँग्रेसतर्फे पोटनिवडणूक लढवून ते पुन्हा निवडून आले. त्यांचे राजकारण पटो वा न पटो, त्यांनी मालवणच्या मतदारांना विचारले, ही गोष्ट त्यांच्या जमेला धरलीच पाहिजे.

दुसरा युक्तिवाद अधिक चलाखीचा आहे. पक्षांतर करणारे पुढे निवडून आले ना, मग जनतेच्या न्यायालयात निकाल लागला, असे सांगण्यात येते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये शिंदे यांच्या शिवसेनेचे ५७ आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे ४१ आमदार आले, हे खरे आहे. पण त्याच वर्षीच्या जूनमध्ये, लोकसभेच्या निकालात, याच महाराष्ट्राने महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा दिल्या होत्या. मग कोणता निकाल खरा मानावयाचा? गोव्यात २०१९ च्या दहा जणांपैकी बहुतेकांना, त्यांच्या म्होरक्यासह, मतदारांनी २०२२ मध्ये घरी बसविले; पण तोवर अडीच वर्षे सत्ता भोगून झाली होती. कर्जदाराने पाच वर्षांनी कर्ज फेडले म्हणून त्याने ते सावकाराच्या संमतीवाचून तिजोरी उघडून घेतले होते, ही गोष्ट मिटत नाही.

राजीनाम्याच्या मार्गातही एक चोरवाट आहे, ती उपाय सुचविताना लपविणे बरे नव्हे. कर्नाटकात २०१९ मध्ये अनेक आमदारांनी राजीनामे देऊन सरकार अल्पमतात आणले. अध्यक्षांनी त्यांना अपात्र ठरविले, पण न्यायालयाने पुन्हा उभे राहण्याची मुभा दिली आणि त्यांतले बहुतेक डिसेंबरात नव्या पक्षातर्फे निवडून आले. येथे मतदारांना निदान विचारले तरी गेले. मध्य प्रदेशात मार्च २०२० मध्ये बावीस आमदारांनी राजीनामे दिले, सरकार पडले, आणि त्यांच्यातले कित्येक जण पोटनिवडणुकीची वाट न पाहता मंत्री होऊन बसले. आमदार नसलेल्यालाही सहा महिने मंत्री राहता येते, ही संविधानातील सवलत त्यांच्या उपयोगी पडली. चव्हाण समितीचे ते विसरलेले शब्द येथे कामाचे आहेत: पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्रिपद नाही. राजीनामा देऊन आलेल्यालाही हीच अट लावली, तर या धंद्यातला नफाच निघून जाईल.

काही वाचक याहून पुढे जातात आणि प्रतिनिधी परत बोलावण्याचा अधिकार मतदारांना द्या, असे म्हणतात. जयप्रकाशांनी ही मागणी १९७४ मध्येच उचलून धरली होती. छत्तीसगडमध्ये नगराध्यक्षांच्या बाबतीत हा अधिकार आहे. ‘खाली खुर्ची’ आणि ‘भरी खुर्ची’ अशा दोन चिन्हांवर मतदान होते, आणि २००८ मध्ये तेथे काही नगराध्यक्षांना मतदारांनी खरोखरच खाली उतरविले. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्याने ठरावीक गैरवर्तन सिद्ध झालेल्या खासदाराविरुद्ध दहा टक्के मतदारांनी सह्या केल्या की त्याची जागा रिकामी होते. कल्पना आकर्षक आहे. पण लाखो मतदारांच्या मतदारसंघात सह्या गोळा करण्याचे काम येथे कोण करील आणि कोणाच्या पैशाने करील, या विचाराने आमचे मन कचरते. पडलेला उमेदवार निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून सह्यांचे कागद छापू लागेल. आमदाराच्या प्रत्येक अप्रिय कृत्याबद्दल त्याला खाली ओढण्यापेक्षा, त्याने ज्या झेंड्याखाली मते मागितली तो झेंडा टाकला तर पुन्हा परीक्षेस बसावे, एवढे बंधन आज पुरेसे आहे.

आणि वाचकहो, थोडे आपणांविषयी. लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या गच्चीवर, लग्नाच्या पंगतीत राजकारण्यांना शिव्यांची लाखोली वाहणाऱ्या आपल्या सुशिक्षित वर्गाने गेल्या काही वर्षांत या विषयावर केले काय? २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत कुलाब्यासारख्या मतदारसंघात निम्म्या मतदारांनीही मतदान केले नाही. ज्यांनी केले त्यांच्यापैकी किती जणांनी आपल्या आमदाराला, तुम्ही पक्ष का बदललात, असे विचारणारे एक पत्र लिहिले? वीज मंडळाचे बिल दहा रुपयांनी चुकले तर आपण अर्ज खरडतो, खेपा घालतो. मत चोरीला गेले तर मात्र, हे असेच चालायचे, म्हणून वर्तमानपत्राचे पान उलटतो. आमदारांना हे पक्के ठाऊक आहे.

घटनादुरुस्ती दिल्लीच्या हाती आहे आणि ती केव्हा होईल हे सांगता येत नाही. पण एक गोष्ट मुंबईत, विधान भवनाच्या भिंतींच्या आत, करता येण्याजोगी आहे. दहाव्या परिशिष्टाच्या आठव्या परिच्छेदाने अध्यक्षांना या प्रकरणांसाठी नियम करण्याचा अधिकार दिला आहे. ते नियम सभागृहापुढे ठेवावे लागतात आणि सभागृहाला त्यांत फेरफार करता येतो. महाराष्ट्र विधानसभेचे असे नियम १९८६ पासून आहेत. अर्ज दाखल झाल्यापासून नव्वद दिवसांत निर्णय झालाच पाहिजे, आणि सुनावणी जनतेला खुली असली पाहिजे, अशी दोन कलमे त्यांत घालण्यास संसदेची परवानगी लागत नाही. जानेवारी २०२४ मध्ये देशातील पीठासीन अधिकाऱ्यांची परिषद मुंबईतच भरली होती, आणि पक्षांतरबंदी कायद्याचा फेरविचार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद महाराष्ट्र विधानसभेच्या अध्यक्षांकडे सोपविल्याची घोषणा तेथेच झाली होती. तेव्हा या विषयाचा अभ्यास नाही, असे आमच्या विधानसभेला म्हणता येणार नाही. येत्या अधिवेशनात सत्तारूढ वा विरोधी पक्षाचा कोणी आमदार ही दोन कलमे मांडतो काय, आणि मांडली तर कोण कोण त्यांच्या बाजूने हात वर करतो, याची नावनिशीवार नोंद आम्ही याच पानावर छापू.